मंडईतला खेळ आणि कंपनीची पाटी

दसरा आटोपतो, बांध्यांमधील धान पिवळे पडू लागते आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडसा या गावी गावोगावचे दोघे-चौघे कारभारी येऊ लागतात. त्यांच्या खिशात गावातील मंडळाने वर्गणीतून जमविलेली विसाराची रक्कम असते आणि मनात एक तारीख पक्की असते. वडसा, म्हणजे सरकारी कागदांतील देसाईगंज, हे गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्गावरील गाव. तेथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. कोणते नाटक, कोणते नट, कोणती गायिका, रक्कम किती, विसार किती, याची घासाघीस होते, कागद होतो आणि कारभारी परततात. मग दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत रात्र-रात्र नाटके चालतात.

झाडीपट्टी रंगभूमी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यवहाराकडे साहित्य आणि लोककला यांच्या अभ्यासकांनी बरेच लक्ष दिले आहे. दंडार, खडीगंमत यांसारख्या लोकप्रकारांशी तिचे नाते त्यांनी उलगडून दाखविले आहे. या रंगभूमीवरील विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांनाही वडशाचे नाव छापावे लागले. परंतु ही रंगभूमी कला आहे तसा तो एक धंदाही आहे, आणि अनुदानाची फारशी वाट न पाहता अनेक दशके उभा राहिलेला धंदा आहे, या बाजूचा विचार क्वचितच होतो. आज तो करण्यास एक ताजे निमित्त मिळाले आहे.

गेल्या काही वर्षांत 'व्हर्च्युअल रिअॅलिटी' म्हणजे आभासी वास्तव या नावाची करमणूक शहरांतून लहान गावांकडे येऊ पाहत आहे. डोळ्यांवर एक जाड चष्म्यासारखा टोप चढवायचा. त्यात प्रत्येक डोळ्यापुढे वेगळे चित्र असते, मान वळवावी तसे ते वळते, आणि घटकाभर माणसाला आपण दरीच्या कडेला, अंतराळात किंवा लढाईच्या मैदानात उभे आहोत असे वाटते. मॉलमध्ये दहा-पंधरा मिनिटांच्या खेळासाठी शे-दोनशे रुपये मोजणारे गिऱ्हाईक मिळते, हे पाहून असे केंद्र काढावे असे अनेक तरुणांच्या मनात येते. पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. यंत्रे स्वतः विकत घेऊन स्वतंत्र दुकान थाटावे, की एखाद्या नामांकित कंपनीची फ्रँचायझी घेऊन तिची पाटी लावावी?

हा प्रश्न मुंबईत विचारला जातो तेव्हा तो गुंतवणुकीचा असतो. गडचिरोली, ब्रह्मपुरी किंवा मूल येथे तो पुष्कळदा एका घराच्या साऱ्या पुंजीचा असतो. चंद्रपुरात कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि शेजारी बल्लारपूरची कागद गिरणी आहे. तरीही पदवी घेतलेल्या प्रत्येकास तेथे जागा मिळत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाने व्यापलेला, आणि २०११ च्या जनगणनेनुसार शहरी वस्ती शेकडा अकराच्या आसपास. तेव्हा धंद्यासाठी पैसा येतो तो निवृत्त शिक्षकाच्या ग्रॅच्युइटीतून, लिपिकाच्या भविष्यनिर्वाह निधीतून किंवा शेतीचा एखादा तुकडा गहाण टाकून. बँकेचे कर्ज त्यावर चढते. असा पैसा एकदा बुडाला की दुसऱ्यांदा उभा राहत नाही. म्हणून पाटी कोणाची या प्रश्नाआधी, पाटीखाली गिऱ्हाईक आले नाही तर तोटा कोणाचा, हे विचारणे भाग आहे.

फ्रँचायझी ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत शिवणयंत्रांच्या विक्रीसाठी सिंगर कंपनीने एकोणिसाव्या शतकातच तिचा एक प्रकार वापरला होता, आणि १९५५ नंतर रे क्रॉक याने मॅक्डोनाल्डच्या खानावळींद्वारे तिला आजचे रूप दिले. नाव, पद्धत आणि माल कंपनीचा. जागा, भांडवल आणि मेहनत स्थानिक माणसाची. मोबदल्यात कंपनी आरंभी एक ठोक शुल्क घेते आणि पुढे दरमहा विक्रीवर काही टक्के रॉयल्टी घेते. येथे 'विक्रीवर' हा शब्द अधोरेखित करावयास हवा. रॉयल्टी नफ्यावर नसते. दुकान तोट्यात असले तरी गल्ल्यात आलेल्या प्रत्येक रुपयातील कंपनीचा वाटा आधी निघतो.

या पद्धतीने झाडीपट्टीत काहीच दिले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९९० च्या दशकात तालुक्याच्या गावी चौकाचौकात एसटीडी-पीसीओची पिवळी पेटी दिसे. तीही दूरसंचार खात्याची एक प्रकारची फ्रँचायझीच होती. चालकाला कॉलमागे ठरावीक कमिशन मिळे. अनेक अपंग व बेरोजगार तरुणांची घरे त्या पेटीवर चालली. पुढे मोबाइल आला आणि ती बंद पडली. तसेच २००१ नंतर महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची अधिकृत केंद्रे गावोगावी निघाली. वाचकांतील शिक्षक आणि लिपिक यांना त्यांचा परिचय करून द्यावयास नको. सेवेतील अटीसाठी त्यांतील कित्येकांनी त्याच केंद्रांत 'माऊस' प्रथम हाती धरला असेल. ही केंद्रे खासगी माणसांनी स्वतःच्या भांडवलावर काढली, पाटी मात्र महामंडळाची होती, आणि त्यांतील पुष्कळ टिकली.

ती का टिकली, हे नीट पाहिले पाहिजे. दूरध्वनी करण्याची गरज पेटी बसण्यापूर्वीच होती. प्रमाणपत्राची गरज तर शासनाच्या आदेशानेच निर्माण केली होती. चालकाला गिऱ्हाईक घडवावे लागले नाही, ते दाराशी आलेच होते. त्याला हवी होती ती अधिकृतता, आणि ती पाटीने दिली. करमणुकीचे तसे नाही. नाटक पाहिले नाही म्हणून कोणाची वेतनवाढ अडत नाही. करमणुकीची मागणी दर वेळी नव्याने उभी करावी लागते, आणि ती उभी करणारी शक्ती या जिल्ह्यांत कोणत्याही कंपनीच्या नावात नाही. ती गावाच्या मंडळात आहे.

वडशाच्या कराराकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील शहाणपण ध्यानात येते. कंपनी ठरलेली रक्कम घेऊन एका रात्रीचा प्रयोग देते. तिकिटे गावाचे मंडळ विकते. गल्ला भरला तर उरलेला पैसा देवळाच्या सभामंडपाला, शाळेला किंवा गावाच्या अन्य कामाला जातो. गल्ला भरला नाही तर तूट मंडळ सोसते. म्हणजे तिकीटविक्रीची जोखीम अशा संस्थेवर आहे, जिला त्या रात्री किती माणसे येतील याचा अंदाज सर्वांत चांगला असतो. इतकेच नव्हे, तर ती माणसे आणणेही तिच्याच हाती असते. दिवाळीनंतरची मंडई, शंकरपट किंवा एखादा उत्सव पाहून तारीख धरली जाते. लेकी-जावई आलेले असतात, पाहुण्यांनी घरे भरलेली असतात. या गर्दीत सोयरिकी जुळतात हे सर्वश्रुत आहे. ज्या गावात नाटक आहे त्या गावच्या घरी पाहुणा आला तर त्याला नाटकाला न नेणे यजमानास कमीपणाचे वाटते. असे गिऱ्हाईक जाहिरातीने मिळत नाही.

कंपनीकडेही जोखीम राहतेच. तिने नट, वादक, पडदे, प्रकाशयोजना आणि वाहने यांची जुळवाजुळव हंगामापूर्वी करावयाची असते. परंतु तिच्या डोक्यावर नाट्यगृहाचे भाडे नसते. प्रेक्षक जेथे असतील तेथे ती जाते. प्रेक्षक येतील या आशेने एका जागी दिवा लावून बसत नाही. धान विकून शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळतो तेच महिने तिचा हंगाम असतो. अल्फ्रेड मार्शल याने १८९० मध्ये, एका ठिकाणी एकवटलेल्या उद्योगाचे रहस्य त्या गावाच्या हवेतच भिनलेले असते, अशा आशयाचे विवेचन केले होते. ते इंग्लंडच्या कारखानदारीविषयी होते. पण ध्वनिवर्धकवाले, छापखाने, लेखक, नट आणि प्रयोग ठरविणारे मध्यस्थ एका लहानशा गावाभोवती गोळा झालेले पाहिले, की वडशालाही ते लागू पडते.

आता आभासी खेळाच्या दुकानाचा हिशेब मांडू. पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे नाहीत; रीत कळावी म्हणून ते कल्पिले आहेत, आणि ज्याला धंदा काढावयाचा आहे त्याने आपले आकडे त्या जागी घालावेत. समजा, सहा जणांना एकाच वेळी खेळता येईल असे केंद्र यंत्रे व सजावटीसह १५ लाखांत उभे राहिले आणि ही सामग्री तीन वर्षे चालली. मग घसाराच दरमहा सुमारे ४२ हजार रुपये होतो. जागेचे भाडे ३० हजार, तीन नोकरांचे पगार ३६ हजार, वीज-इंटरनेट-दुरुस्ती मिळून २२ हजार आणि शेकडा १२ दराने व्याजाचे १५ हजार धरले, तर एकूण खर्च १ लाख ४५ हजार. तिकीट १५० रुपये असेल तर महिन्याला ९६७, म्हणजे दररोज बत्तीस-तेहतीस तिकिटे खपली पाहिजेत. तेव्हा कोठे ना नफा ना तोटा. मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा एक रुपयाही यात धरलेला नाही.

हेच केंद्र फ्रँचायझीचे असेल, आरंभीचे शुल्क ५ लाख, करार पाच वर्षांचा आणि रॉयल्टी व जाहिरात-निधी मिळून विक्रीच्या शेकडा १० असेल, तर काय होईल? शुल्काचा मासिक हिस्सा आणि त्यावरील व्याज धरून स्थिर खर्च १ लाख ५८ हजारांवर जातो. प्रत्येक तिकिटातून १५ रुपये वजा होतात. तेव्हा ११७३ तिकिटे लागतात. पण इतकी तिकिटे विकली की वार्षिक उलाढाल २० लाखांपलीकडे जाते आणि सेवांसाठी असलेली वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची सूट संपते. १५० रुपयांतच शेकडा १८ कर सामावून घ्यावा लागला, तर हाती १२७ रुपये उरतात, रॉयल्टी जाऊन ११४. मग महिन्याला १३८४ तिकिटे, म्हणजे दररोज शेहेचाळीस. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळाल्याने हा आकडा काहीसा खाली येईल हे खरे; पण स्वतंत्र दुकान करमर्यादेच्या आत राहून जगू शकते आणि कंपनीच्या पाटीचे दुकान त्या मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय जगूच शकत नाही, हा भेद नजरेआड करण्याजोगा नव्हे. आणखी एक विसंगती येथेच नोंदविली पाहिजे. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाच्या नाट्यप्रयोगास या करातून सूट दिलेली आहे. खेळाच्या दुकानास ती नाही.

दररोज शेहेचाळीस म्हणजे वर्षाला साडेसोळा हजार तिकिटे. २०११ मध्ये गडचिरोली शहराची लोकसंख्या ५४ हजार होती. तीत तान्ही मुले आली, म्हातारी माणसे आली, दीडशे रुपयांत आठवड्याची भाजी आणणारी घरे आली. आजची वस्ती त्याहून मोठी आहे हे मान्य करूनही, शहराच्या त्या लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी तिकिटे दर वर्षी खपली पाहिजेत, हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवावयास हवा. पहिल्या वर्षी कुतूहलाने लोक येतीलही. दुसऱ्या वर्षी तोच माणूस त्याच दरीच्या कडेला दीडशे रुपये देऊन पुन्हा उभा राहील काय? नाटकाचे बरे असते. नट नवा, कथानक नवे, आणि तेच नाटक असले तरी शेजारच्या गावात ते वेगळे रंगते.

यंत्रांचे आयुष्य तर आणखी अल्प. ऑक्युलस कंपनीचा रिफ्ट हा गाजलेला टोप २०१६ मध्ये बाजारात आला आणि २०२१ मध्ये त्याची विक्री थांबली. २०२० च्या क्वेस्ट २ ची जागा २०२३ मध्ये क्वेस्ट ३ ने घेतली. मोडले नाही तरी जुने होते अशा जातीची ही सामग्री आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर देशभर व्हिडिओ पसरला आणि गावोगावी व्हिडिओ केंद्रे निघाली, ती पुढे केबलच्या तारेने मोडीत काढली. ज्यांनी कर्ज काढून यंत्रे घेतली होती त्यांचे हप्ते मात्र यंत्रांहून दीर्घायुषी ठरले. पाटी मोठी असली म्हणजे हे टळते, असेही नाही. चित्रपटांच्या क्षेत्रातील आयमॅक्स या बलाढ्य कंपनीने २०१७ च्या आरंभी लॉस एंजेलिसला आभासी वास्तवाचे केंद्र उघडले; न्यूयॉर्क, शांघाय, बँकॉक धरून सात केंद्रे झाली आणि २०१९ पर्यंत ती सर्व बंद करण्याचा निर्णय कंपनीला घ्यावा लागला. सँडबॉक्स व्हीआर या कंपनीला २०२० च्या साथीत अमेरिकी दिवाळखोरी कायद्याचा आश्रय घेण्याची पाळी आली. ती त्यातून सावरली आणि फ्रँचायझी देण्याच्या मार्गाने वाढूही लागली. मूळ कंपनी कायद्याच्या आधाराने पुन्हा उभी राहते. गहाण टाकलेले शेत त्याच सुलभतेने सुटते काय, हा निराळा प्रश्न आहे.

कायद्याची बाजू या व्यवहारात सर्वांत दुबळी आहे. अमेरिकेत १९७९ पासून, फ्रँचायझी विकणाऱ्या कंपनीने आपली आर्थिक स्थिती, चालू असलेले खटले, बंद पडलेली केंद्रे यांची माहिती घेणाऱ्यास आधी लेखी दिली पाहिजे, असा नियम आहे. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. १८७२ च्या करार कायद्यावर काम भागवावे लागते. त्याच्या २७ व्या कलमाने धंद्यास प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो, परंतु गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या १९९५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करार चालू असेपर्यंतचे असे निर्बंध वैध मानले. म्हणजे पाच वर्षांच्या करारात सही करणारा तरुण तेवढा काळ तसल्याच दुसऱ्या धंद्यापासून बांधला जाऊ शकतो. तेव्हा कंपनीची किती केंद्रे बंद पडली आणि का, हा प्रश्न घेणाऱ्यानेच विचारावयाचा असतो. आणि उत्तर रंगीत माहितीपत्रकात न शोधता त्या बंद केंद्रांच्या चालकांकडे जाऊन शोधावयाचे असते.

मग झाडीपट्टीत हा धंदा करूच नये काय? तसे मुळीच नव्हे. मॉलसाठी बेतलेला धंदा जसाच्या तसा येथे आणू नये, एवढेच. आज संगणकाच्या जोडीशिवाय चालणारे सुटे टोप मिळतात. असे पाच-सहा टोप, एक जनित्र, भाड्याची गाडी आणि दोन प्रशिक्षित साहाय्यक एवढ्यावर फिरता खेळ उभा राहू शकतो. त्याचे भांडवल पंधरा लाखांच्या पाव हिश्श्यात बसविणे अशक्य नाही, आणि दुकानभाडे तर नाहीच. मंडईच्या दिवशी ज्या मैदानात पाळणे आणि खेळण्यांची दुकाने लागतात, तेथेच एक मंडप. आणि करार वडशाच्या धर्तीवर, म्हणजे दिवसाची ठरलेली रक्कम मंडळाकडून, तिकीट मंडळाचे. शंभर-दीडशे रुपयांऐवजी वीस-तीस रुपयांना पाच मिनिटांचा खेळ मंडळ लावू शकेल, कारण आपल्या गावात काय खपते हे त्याला ठाऊक असते. एका गावातला चौथा दिवस हा अशा खेळाचा कंटाळ्याचा दिवस. तोवर गाडी पुढच्या गावी गेलेली असेल. नावीन्य लवकर ओसरणे हा बसून केलेल्या धंद्याचा शाप आहे, फिरत्या धंद्याला तो फारसा बाधत नाही. तंबूतल्या फिरत्या सिनेमाचा जम जत्रांतून बसला तो याच कारणाने.

हंगाम आटोपल्यावर हेच टोप शाळा-महाविद्यालयांत हृदयाची रचना किंवा ग्रहमाला दाखविण्यास उपयोगी पडतील. ताडोब्याच्या प्रवेशद्वाराशी वाघाचा आभासी खेळ मांडण्याची कल्पना मात्र ज्याला सुचेल त्याने ती आवरावी. खरा वाघ पाहण्यासाठी दोनशे कोस आलेला माणूस डोळे झाकून खोटा वाघ पाहण्यास पैसे देणार नाही. त्यापेक्षा समुद्राचा तळ त्याला दाखवावा. भामरागड आणि एटापल्लीकडील मुलांनाही अधिक नवल वाटेल ते समुद्राचेच.

फिरत्या खेळाला पथ्ये आहेत आणि ती टाळता येणारी नाहीत. घरी खेळण्यासाठी विकत घेतलेला खेळ तिकीट लावून दाखविता येत नाही. त्यासाठी निर्मात्याचा वेगळा व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो. व्हिडिओच्या जमान्यातील चोरट्या कॅसेटींची सवय येथे नडेल. एकाच्या घामाने भिजलेला टोप पुसल्याशिवाय दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढविणे घाणेरडे आणि धोक्याचेही. लहान मुलांसाठी निर्मात्यांनी वयाची मर्यादा सांगितलेली असते, ती पाळावी. काहींना गरगरते, त्यांना बसण्यास खुर्ची हवी. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. बंद मंडपात तापलेले यंत्र आणि तापलेला माणूस दोघेही बिघडतात. आणि आग! २५ मे २०२४ रोजी राजकोट येथील खेळघराला लागलेल्या आगीत सत्तावीस माणसे, त्यांत लहान मुले, जळून गेली. ते केंद्र अग्निशमन खात्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राविना चालत होते. मंडपाला दोन वाटा, आग विझविण्याची साधने आणि जनित्र मंडपापासून दूर, एवढे पाहिल्यावाचून मंडळाने जागा देऊ नये.

फ्रँचायझीला या जिल्ह्यांत जागा असेलच तर ती चंद्रपूर शहरात. तीन लाखांहून अधिक वस्ती, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा कोळसा व वीज कामगार, महाविद्यालये आणि बाहेरून येणारा पर्यटक हे सारे तेथे आहे. परवाने, नवे खेळ, दुरुस्ती आणि नोकरांचे शिक्षण यांचा भार कंपनी उचलते हा खरा लाभ तेथे पदरात पडू शकतो; नवख्याच्या चुका वाचतात आणि बँकही अधिक विश्वासाने पाहते. स्वतंत्र मालकाला हे सारे एकट्याने शिकावे लागते, आणि ते शिकण्याची किंमत वरील हिशेबात धरलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु तेथेही यंत्रे जुनी झाली तर बदलून देण्याचा खर्च कोणाचा, शेजारी दुसरे केंद्र न देण्याची हमी आहे काय, आणि रॉयल्टीची किमान मासिक रक्कम ठरविली आहे काय, हे तीन मुद्दे लेखी हवेत.

झाडीपट्टीची रीत निर्धोक आहे असा याचा अर्थ नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि शंकरपटाच्या गर्दीवर आधारलेल्या प्रयोगांना त्याची झळ लागली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, आणि मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. मधली साथीची वर्षे तर सर्वांनाच कठीण गेली. तरीही कंपन्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण बंद काळात त्यांच्या डोक्यावरील स्थिर खर्च थोडा होता. फ्रँचायझीच्या करारात किमान रॉयल्टीची अट असेल, तर ती श्रावणातही द्यावी लागते. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटलेला असतो, तालुक्याच्या बाजारातही चिखलापायी माणूस फिरकत नाही, त्या महिन्यांतही दुकानाचे भाडे, हप्ता आणि कंपनीचा वाटा थांबत नाही. झाडीपट्टीतील अनेक नट त्या दिवसांत रोवणीच्या बांधीत उभे असतात. त्यांच्याकडे त्या काळात कोणी रॉयल्टी मागत नाही, आणि दसऱ्याला विसार घेऊन येणारे कारभारीही त्याच बांध्यांत असतात.